आई न्हाणीत पडली, पहाटेची अंघोळ मात्र सोडत नाही

वाळपईची लेक | ६ जानेवारी, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. एरवी इथं नुसती वाचत असते, आज लिहायची वेळ आली.

आई ७९ वर्षांची. गोव्यात सत्तरीतल्या वाळपईपासून पाचेक किलोमीटर आत आमचं जुनं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर आहे, तिथं ती दादा-वहिनीबरोबर असते. मी पर्वरीला. गेल्या सोमवारी पहाटे सव्वापाचला ती न्हाणीत पडली. आमची न्हाणी मागीलदारी, वर कौलं, खाली काळी धोंड, कोपऱ्यात चुलीवर पाणी तापवायचं तांब्याचं भाण. वहिनीला बादली आपटल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. दार आतून कडी घातलेलं. हाका मारल्या तर आतून उत्तर, "म्हाका कांय जावंक ना" (मला काही झालेलं नाही). पण उठून कडी काढता येईना. शेवटी दादा छपरावर चढला, कौलं काढली आणि आत उतरला. वीसेक मिनिटं गेली. तेवढा वेळ ती ओल्या लुगड्यात धोंडीवर बसून, दात वाजतायत, ओठ निळे. दादाला पाहून पहिलं वाक्य काय, तर "कौलां फोडलीं मरे तुवें?"

मनगटाला बारीक चीर गेली, प्लास्टर आहे. तेवढ्यावर निभावलं.

आता घरात महाभारत चालू आहे. दादा म्हणतो, आतल्या बाथरूममध्ये गिझर आहे, सकाळी अकराला अंघोळ कर. आई म्हणते, संडासाला लागून कोण न्हाणार? सतराव्या वर्षी या घरात आली तेव्हापासून न्हाऊन तुळशीला पाणी घातल्याशिवाय चुलीला हात लावलेला नाही, चहाही त्यानंतरच. शिवाय "गिझराचं पाणी अंगाक लागना" हे आहेच. दादाचा आवाज चढला की ती गप्प बसते आणि दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा न्हाणीत. प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधून!

गोव्याच्या थंडीतही म्हाताऱ्या माणसांना खरंच धोका असतो का, की तो निव्वळ घसरण्याचा प्रकार होता? आणि भांडण न करता काय बदलता येईल?

.

पुण्याचा पाहुणा | ६ जानेवारी, रात्री ११.०५

आईंना लवकर बरं वाटो. पण ताई, गोव्यात थंडी? आमच्याकडे पारा १० च्या खाली आहे, तुमच्याकडे २० ला लोक कानटोपी घालतात हे मी स्वतः म्हापशात पाहिलंय. शेवाळावरून घसरल्या असतील, थंडीचा काय संबंध?

.

डिचोलीकर | ६ जानेवारी, रात्री ११.३०

पाहुणे, पणजीच्या किनाऱ्यावर २० असतं तेव्हा सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत पहाटे त्याहून तीन-चार अंश कमी असतं. दुपारी तिथंच ३३. आमची घरं उकाड्यासाठी बांधलेली. कौलांच्या फटीतून वारा आत यावा हाच हिशेब, त्यामुळे न्हाणीत पहाटे बाहेरचीच हवा. त्यात जानेवारीत घाटाकडून येणारा कोरडा वारा. ओल्या अंगावरचं पाणी तो झपाट्यानं उडवतो आणि अंगातली ऊब ओढून नेतो. पावसाळ्यात २४ अंशाला ओलं उभं राहिलं तर काही वाटत नाही, आता १७ ला राहून बघा.

कानटोपीचं काय ते तुम्ही बघा. आम्ही दिवाळीनंतर लगेच काढतो.

.

नागोयाहून | ७ जानेवारी, पहाटे ५.५०

मी मूळचा पेडण्याचा, सात वर्षं जपानमध्ये. पाहुण्यांच्या प्रश्नाचं उत्तर इथं फार चांगलं मिळतं.

जपानात हिवाळ्यात वृद्ध माणसं अंघोळीत दगावतात, हा तिथला मोठा आणि नेहमी बोलला जाणारा प्रश्न आहे. पासष्टीच्या पुढचे जितके लोक रस्त्यावरच्या अपघातात जातात, त्याहून जास्त घरच्या टबात बुडून जातात. यातली मजेची (खरं तर गंभीर) गोष्ट अशी: होक्काइदो हा देशातला सगळ्यात थंड भाग, बर्फात बुडालेला. पण असे मृत्यू तिथं तुलनेनं कमी. आणि जिथं थंडी बेताची, तिथं जास्त. कारण होक्काइदोत अख्खं घर गरम ठेवतात. बाकीकडे एकच खोली गरम, आणि कपडे काढायची जागा बर्फासारखी.

म्हणजे पारा किती यापेक्षा अंगाला किती मोठी उडी मारावी लागते ते महत्त्वाचं. गरम गोधडीतून उठून थंड न्हाणी, तिथं उघडं अंग, त्यावर कढत पाणी, मग ओल्या अंगानं पुन्हा वारा. थंडीत कातडीखालच्या शिरा आवळतात आणि रक्तदाब चढतो. गरम पाण्यानं त्याच शिरा सैल पडतात आणि तो उतरतो. तरुण शरीर हे सांभाळून घेतं. ऐंशीचं शरीर मागे पडतं, आणि नेमकं त्याच वेळी माणूस उठून उभा राहतो.

इथं सरकारी सल्ला असा: पाणी ४१ अंशांपर्यंत, टबात १० मिनिटांपर्यंत, कपडे काढायची जागा आधी उबदार करा, सावकाश उठा, जेवल्यावर लगेच किंवा दारू घेऊन अंघोळ नको, आणि आत जाताना घरच्यांना सांगून जा. आपल्याकडे टब नाही, त्यामुळे बुडायची भीती नाही. बाकी सगळं लागू.

.

पुण्याचा पाहुणा | ७ जानेवारी, सकाळी ८.१५

होक्काइदोचं माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. आमच्या वाड्यातली मोरी आठवली, आजी तिथंच पडली होती.

.

सांधेदुखे | ७ जानेवारी, दुपारी १.२०

मी फिजिओथेरपिस्ट, म्हापशाकडे काम करते. ताई, आई पडल्या तेव्हा नेमकं काय करत होत्या ते विचारलंत का? घसरल्या, की उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली? हे दोन वेगळे आजार समजा, औषधही वेगळं.

पाटावर उकिडवं किंवा मांडी घालून बसायचं, वाकून तांब्या भरायचा, पंधरा मिनिटं गरम पाणी घ्यायचं आणि एकदम उठायचं. यात रक्त पायांत राहतं आणि डोक्याला कमी पडतं. घरी रक्तदाबाचं यंत्र असेल तर तपासता येईल. आईंना पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा. मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा, कुणीतरी शेजारी उभं राहून. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं घसरला तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्तदाबाच्या गोळ्या, लघवी जास्त करायच्या गोळ्या, पुरुषांत प्रोस्टेटच्या गोळ्या, यांनी हे वाढतं. गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, वेळ बदलूनही पुष्कळदा काम भागतं, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आणि पहाटे पाचला रिकाम्या पोटी? आदल्या रात्री आठला जेवलेलं असणार. मधुमेह आहे का?

.

वाळपईची लेक | ७ जानेवारी, दुपारी ३.००

विचारलं. आधी म्हणाली घसरले. मग वहिनीजवळ कबूल केलं की उठताना "दोळ्यां मुखार काळोख" आला होता, आणि गेल्या महिन्यातही एकदा आला होता. आम्हाला सांगितलं नाही कारण आम्ही न्हाणी बंद करू!

मधुमेह नाही. रक्तदाबाची गोळी आहे, तीही पहाटे उठल्याउठल्या पाण्याबरोबर घेते. उद्या दादा मोजणार आहे.

.

आबोली | ७ जानेवारी, रात्री ९.४५

गोळी घेऊन लगेच कढत पाण्यानं न्हायचं, हे माझ्या सासूबाईंचंही होतं. आमच्या डॉक्टरांनी गोळी न्याहारीनंतर करायला सांगितली, फरक पडला.

मधुमेहाचा विषय निघाला म्हणून बाबांचं सांगते. त्यांच्या तळपायांना जाणीवच राहिली नव्हती. भाणातलं उकळतं पाणी आधी घंगाळात ओतलं, वर थंड घालायचं विसरले, आणि पाय बुडवून बसले. त्यांना नुसतं "बरं वाटलं". आम्हाला संध्याकाळी फोड दिसले. जखम भरायला तीन महिने गेले. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं, आणि चुलीवरचं भाण त्याच्या कितीतरी वर असतं. तेव्हापासून घरात नियम आहे: बादलीत थंड पाणी आधी, गरम नंतर, आणि हात घालून बघायचा तो दुसऱ्यानं, तोही कोपरानं.

तेलाचंही लिहिते. नरकचतुर्दशीला कारीट फोडून झालं की आमच्याकडे सगळे डोक्यापासून पायापर्यंत खोबरेल चोपडतात आणि तसेच न्हाणीपर्यंत चालत जातात. तुकतुकीत फरशीवर तेलकट तळवा! तेल न्हाणीतच बसून लावायचं, तळव्यांना लावायचंच नाही. थंडीत अंगाला तेल हवंच असतं, ते अंघोळीनंतर ओलसर अंगावर लावा. जास्त मुरतं आणि खाजही थांबते.

.

चिरेबंदी | ८ जानेवारी, सकाळी ७.३०

बांधकामात तीस वर्षं आहे, फोंड्याकडे. धरायच्या दांडीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

लोक ऑनलाइन दांडी मागवतात, प्लंबर येतो, टाइलला भोक पाडतो, प्लास्टिकची गिट्टी ठोकतो, दोन स्क्रू, झालं. सिमेंटच्या भिंतीत ठीक. चिऱ्यात नाही. चिरा सच्छिद्र, भोक पाडताना भुगा होतो, फास्टनर फुगवला की आतली भिंतच चुरते. हातानं ओढून बघाल तर घट्ट वाटेल. पडणारा माणूस सगळा भार एका झटक्यात टाकतो, तेव्हा दांडी हातात येते. माझ्याच ओळखीत झालंय. तोल जाताना म्हातारीनं दांडी धरली म्हणून ती दांडीसकट पडली. नसती तर निदान भिंत तरी धरली असती.

चिऱ्याच्या भिंतीत दोन मार्ग. एक, भिंतीच्या आरपार बोल्ट, बाहेरच्या बाजूनं लोखंडी पट्टी आणि नट. न्हाणीची भिंत बाहेरची असते, त्यामुळे हे सहज होतं. दोन, भोक साफ फुंकून त्यात केमिकल अँकर (बोल्ट चिकटवून धरणारा रासायनिक मसाला), आणि पूर्ण सुकेपर्यंत हात लावायचा नाही. बसवल्यावर घरातला सगळ्यात जाड माणूस लोंबकळून दाखवला पाहिजे. मी माझ्या मेव्हण्याला नेतो.

किनारपट्टीला असाल तर स्टेनलेस स्टीलचा ३१६ हा प्रकार घ्या. ३०४ ला खाऱ्या हवेत डाग पडतात. गुळगुळीत चकचकीत दांडी ओल्या साबणी हातातून निसटते, खरखरीत पृष्ठभागाची मिळते ती बघा. टॉवेलची दांडी आणि नळ धरायची सवय मोडा, ते धरायसाठी नसतातच.

धोंडीचं. पावसाळ्यातलं शेवाळ जानेवारीत सुकून काळं पडतं, दिसत नाही, आणि पाणी पडलं की पुन्हा बुळबुळीत. ब्लीचिंग पावडर टाकून काथ्यानं घासा, भरपूर पाण्यानं धुवा. तरी गुळगुळीत असेल तर पाथरवटाकडून टाकी मारून, म्हणजे छिन्नीनं खडबडीत करून घ्या. आमच्या आजोबांच्या वेळी पाट्या-वरवंट्याला टाकी मारायला माणूस घरी यायचा, तो न्हाणीची धोंडही मारून जायचा. आता माणसं शोधावी लागतात, पण आहेत.

.

फ्यूज उडालेला | ८ जानेवारी, सकाळी ९.१०

वायरमनचे दोन पैसे. चूल बंद करून लोक इमर्शन रॉडवर येतात, ते गिझरपेक्षा वाईट. वयस्कर माणूस रॉड चालू ठेवूनच पाण्यात बोट घालून बघतो. बादली लोखंडी किंवा पितळेची असेल तर विचारायलाच नको. रॉड वापरायचाच तर बटण बंद, प्लग बाहेर, मग रॉड बाहेर, मग हात. त्यापेक्षा १५ लिटरचा साठवणीचा गिझर, थर्मोस्टॅट खाली आणलेला, अर्थिंग तपासलेलं, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). जुन्या घरांत अर्थिंगची वायर असते, पण ती कुठंच पोचत नाही, हे मी रोज बघतो.

गॅसचा गिझर बंद बाथरूममध्ये नको म्हणजे नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. माणूस आत बसल्याबसल्या जातो. ताईंच्या न्हाणीतल्या चुलीलाही हेच लागू. कौलांच्या फटीतून धूर जातो म्हणून आजवर निभावलं. थंडी लागते म्हणून फटी बुजवून प्लायवूड मारलं आणि चूल आतच ठेवली तर घात होईल. न्हाणी गरम करायला निखाऱ्यांची शेगडी आत नेणं हाही तसलाच उद्योग.

.

खतखतें | ८ जानेवारी, सकाळी ११.००

मग न्हाणी गरम करायची कशी? सगळंच नको नको म्हणताय.

.

सांधेदुखे | ८ जानेवारी, दुपारी १.०५

चूल किंवा भाण न्हाणीच्या भिंतीबाहेर, तोटी आत. मग फटी थोड्या कमी करता येतात. अंघोळीआधी गरम पाण्याची बादली आत ठेवून दार पाच मिनिटं ओढून घ्या आणि दोन तांबे गरम पाणी धोंडीवर ओता. थंड दगडावर पाय ठेवला की सगळं अंग शहारतं, ते टळतं. कपडे एकदम सगळे उतरवू नका. आणि सगळ्यात स्वस्त हीटर म्हणजे सूर्य. साडेनऊ-दहाला गोव्यातली कुठलीही न्हाणी उबदार असते.

पाणी आधी पायांवर की डोक्यावर, यावरून फॉरवर्ड फिरतात की डोक्यावर घेतलं की मेंदूची शीर फुटते. त्याला पुरावा नाही. पण पायांपासून सुरुवात केली तर अंगाला सवय व्हायला दोन मिनिटं मिळतात, म्हणून मीही तसंच सांगते. डोकं शेवटी, आणि पुसायचं सगळ्यात आधी.

.

निवृत्त मास्तर | ८ जानेवारी, रात्री ८.२०

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. या धाग्यावर बहुधा मीच एकटा असा आहे की ज्याच्याबद्दल तुम्ही बोलताय. वय ७७. दोनदा पडलो.

पहिल्यांदा पडलो तो पाण्यानं नव्हे, लेंग्यानं. अंघोळ छान झाली, ओल्या फरशीवर एका पायावर उभा राहून दुसरा पाय लेंग्यात घालत होतो. ओला पाय कापडात अडकला. आमच्या वयाच्या पुरुषांना सांगतो, लाज सोडा आणि बसून कपडे घाला, तेही न्हाणीबाहेर. टॉवेल गुंडाळून चार पावलं गेलं तर कुणी बघत नाही.

दुसऱ्यांदा चष्मा काढला होता. पांढरी फरशी, पांढरी बादली, पांढरा उंबरठा. मोतीबिंदू पिकत आलेला. मुलानं नंतर उंबरठ्याच्या कडेला तांबडी पट्टी मारली आणि बादली निळी आणली. दीडशे रुपयांत काम झालं.

पण मला सांगायचंय ते वेगळं. दुसऱ्या वेळेनंतर मुलगा आणि सून बाजारात जाऊन पांढरी प्लास्टिकची भोकांची खुर्ची, दोन दांड्या आणि एक घंटी घेऊन आली. मला न विचारता. मी शाळेतून घरी आलो (अजून एका शाळेत संस्कृत शिकवायला जातो) तर न्हाणीचं इस्पितळ झालेलं. ती खुर्ची मी सहा महिने कपडे वाळत घालायला वापरली. पुढे आमच्या सुतारानं फणसाच्या लाकडाचं उंच स्टूल केलं, पायांना रबराचे बूट घालून. उंची मी सांगितली, रुंदी मी सांगितली. त्यावर मी पहिल्याच दिवशी बसलो. खुर्ची आणि स्टूल, काम एकच. मुलगा अजून म्हणतो, बाबा हट्टी आहेत.

ताई, आईची न्हाणी ही घरात तिची एकटीची उरलेली जागा असेल. पहाटे पाच ही घरात तिची एकटीची उरलेली वेळ असेल. तिला विचारा यातलं काय सोडायला कमी दुखेल.

शास्त्राचं म्हणाल तर सात प्रकारची स्नानं सांगितली आहेत. मंत्रस्नान, भस्माचं आग्नेय, गोधूळीचं वायव्य, मनात करायचं मानस वगैरे. पाण्याचं त्यातलं एक. अशक्तांसाठी वाट ठेवलेलीच आहे. ओल्या फडक्यानं अंग पुसून पूजा केली तर देव रागावत नाही.

.

वाळपईची लेक | ८ जानेवारी, रात्री ९.५५

मास्तर, तुमचा प्रतिसाद फोनवर आईला वाचून दाखवला. लेंग्याला खूप हसली. सात स्नानांवर म्हणाली, "तीं दुयेंतांक. हांव दुयेंत न्हय." (दुयेंत म्हणजे आजारी.)

पण खुर्चीच्या भागावर गप्प झाली. मग म्हणाली, त्या मास्तरांना स्टूल केवढ्याला पडलं विचार.

.

डिचोलीकर | ८ जानेवारी, रात्री १०.२०

आता कडीचं बघा. वीस मिनिटं कौलं काढण्यात गेली, खरा धोका तिथं होता.

आमच्याकडे दार बाहेर उघडणारं करून घेतलं. आत उघडणारं असलं तर पडलेल्या माणसाचं अंगच दाराला अडतं आणि ढकलता येत नाही. आतली कडी काढली आणि बाहेरून नाण्यानं फिरवता येईल असं कुलूप लावलं. आजी मात्र ऐकेना, कडीशिवाय अंघोळ म्हणजे चव्हाट्यावर. मग आत जाड पडदा, आणि दाराबाहेर खुंटीवर तिचं लुगडं लटकलेलं असलं की आत कुणी जायचं नाही हा घरचा कायदा. लहान पोरंसुद्धा पाळतात.

आजोबांचं तंत्र सगळ्यात भारी होतं. ते अंगावर पाणी घेताना "गंगे च यमुने चैव"पासून सुरू करून मोठ्यानं रामरक्षा म्हणायचे. स्वयंपाकघरात आजीचा कान तिकडे. आवाज थांबला की ती लगेच "किदें जालें?" म्हणून विचारायची. दम लागायला लागला की आवाजावरून आधीच कळायचं. कुठली घंटी एवढं सांगेल?

.

आबोली | ९ जानेवारी, सकाळी १०.१५

रामरक्षेचं फार आवडलं. आमच्या सासूबाई टीव्हीवरच्या मालिकेचं शीर्षकगीत म्हणतील, पण चालेल.

एक राहिलंय. पडल्यावर काय करायचं? आम्ही घाबरून बाबांना काखेत हात घालून उचललं होतं, आणि खांदा निखळला.

.

सांधेदुखे | ९ जानेवारी, दुपारी १.३०

आधी उचलायला जाऊ नका. शेजारी बसा, बोला, पाणी बंद करा, वर सुकी चादर किंवा गोधडी घाला. ओले कपडे जमतील तेवढे काढा, कारण पडलेलं माणूस थंडीत फार लवकर गार पडतं. दोन्ही पाय हलवता येतात का ते त्यांनाच हलवून बघू द्या. एक पाय आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, तर खुबा मोडलेला असू शकतो. अजिबात उठवू नका, १०८ बोलवा. खुब्याची शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत झालेली बरी, त्यामुळे "उद्यापर्यंत बघू, तेल लावू" यात दिवस घालवू नका.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोकं आपटलं असेल, तर माणूस हसत-बोलत असला तरी इस्पितळात न्या. आत रक्तस्राव हळूहळू होतो.

काहीच दुखत नसेल तर आपण ओढायचं नाही, त्यांना उठायला मदत करायची. आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर, समोर भक्कम खुर्ची, तिच्यावर हात टेकून, मग बसणं. आपण फक्त खुर्ची धरायची.

.

खतखतें | ९ जानेवारी, दुपारी २.१०

रोज अंघोळ हवीच का, हा प्रश्न विचारला तर मार पडेल का?

.

सांधेदुखे | ९ जानेवारी, दुपारी २.४०

माझ्याकडून नाही. थंडीत म्हाताऱ्या कातडीला रोज साबण मुळीच नको. काख, जांघा, पाय रोज पुसून कोरडे केले आणि पूर्ण अंघोळ एक-दोन दिवसांआड केली तरी भागतं. पण हे मी ताईंच्या आईंना सांगायला जाणार नाही.

.

वाळपईची लेक | २१ जानेवारी, रात्री ९.३०

पुन्हा आले, सांगायला.

दादानं रक्तदाब मोजला. झोपून १४८, उभं राहिल्यावर १२२. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि वेळ न्याहारीनंतरची केली. आता अंधारी नाही म्हणते, पण खरं सांगते की न्हाणी वाचवते ते देव जाणे, म्हणून आठवड्यानं मोजतोच.

वेळेवरून तीन दिवस वाटाघाटी. दादानं दहा म्हटलं, तिनं पाच. मधे वहिनीनं (ती या घरातली सगळ्यात हुशार व्यक्ती) विचारलं, पाचलाच का? तर तुळशीला पाणी सूर्य वर यायच्या आत पडलं पाहिजे म्हणून. मग आत्ता जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो, तर सव्वासहाला न्हालं तर? आईनं दोन मिनिटं विचार केला आणि हो म्हणाली. पाच वाजता हा नियम नव्हताच. तो सासूच्या वेळचा होता, कारण तेव्हा बारा माणसांची अंघोळ एकाच भाणावर व्हायची!

सव्वासहाला दादा जागा असतो, वहिनी स्वयंपाकघरात असते, न्हाऊन होईपर्यंत उजाडायला लागतं. मधल्या वेळात आई उठून चूळ भरून गूळ-पाणी घेते. चहा नाही. गूळ-पाण्याला हरकत नाही असं तिनं स्वतःच ठरवलं, आम्ही कारण विचारलं नाही.

धोंडीला टाकी मारून घेतली. साखळीचा एक म्हातारा पाथरवट मिळाला, त्याला आणायला-सोडायला दादाला दोन फेऱ्या पडल्या. दांडी आरपार बोल्टची, चिरेबंदी दादांचे आभार. दादाचा मित्र लोंबकळला, हलली नाही. बादली आता विटांच्या ओट्यावर असते, वाकावं लागत नाही. आणि मोठा तांब्या जाऊन लहान आला, कारण प्लास्टरचा हात.

चूल अजून आतच आहे. त्यावर बोलणी चालू आहेत, तूर्त फटींना हात लावलेला नाही.

कडी काढली. पडदा आणि लुगड्याचा कायदा, डिचोलीकरांकडून जसाच्या तसा. रामरक्षा ती म्हणत नाही, लहानपणच्या फुगड्यांची गाणी म्हणते. दादानं ती पहिल्यांदाच ऐकली. परवा मधेच थांबली म्हणून तो धावला, तर आतून ओरडली, "उतरां विसरलें रे!" (शब्द विसरले.)

.

निवृत्त मास्तर | २१ जानेवारी, रात्री १०.०५

आणि स्टूल?

.

वाळपईची लेक | २१ जानेवारी, रात्री १०.१२

केलं. फणसाचं, रबराचे बूट घालून. पहिले चार दिवस त्यावर सुकं लुगडं ठेवत होती आणि स्वतः पाटावर. पाचव्या दिवशी वहिनीनं लुगडं खुंटीवर टांगलं, तेव्हापासून बसते.

.

पुण्याचा पाहुणा | २२ जानेवारी, सकाळी ७.४०

ताई, उंची किती ठेवली? आमच्या वडिलांसाठी करून घेतोय.

.

वाळपईची लेक | २२ जानेवारी, सकाळी ८.२०

साडेसोळा इंच. पण आमच्या आकड्यावर जाऊ नका, आई ठेंगणी आहे. वडिलांना खुर्चीवर बसवा, पावलं पूर्ण टेकू देत, आणि जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत मोजा. लाकडाला पॉलिश करू देऊ नका, सुतार विचारल्याशिवाय करतोच.